सगळ्या घराला एकच जीमेल नको: आमच्या ग्राहकांसाठी

फोन दुरुस्तीला आणला किंवा जुना देऊन नवा घ्यायचा म्हटले, की काउंटरवर आमचा पहिला प्रश्न असतो, ‘यात जीमेल कोणाचे आहे?’ उत्तर बहुतेक वेळा एकच येते: ‘मुलाचे. घरात सगळ्यांच्या फोनात तेच आहे.’ मग अर्ध्या तासाचे काम दोन दिवसांवर जाते आणि कधीकधी होतच नाही. प्रत्येकाला तेच तेच उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावे, म्हणून हे पत्रक. घरी नेऊन सगळ्यांनी वाचा.

एकच जीमेल, म्हणजे एकच गूगल खाते, का टाकले जाते ते आम्हाला ठाऊक आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी घरात पहिला स्मार्टफोन आला तो मुलाचा. मग बाबांना घेतला, मग आईला. दर वेळी नवे खाते कोण उघडणार आणि पासवर्ड कोण लक्षात ठेवणार? होते तेच टाकले. त्या काळी आम्हीही दुकानातून असेच फोन तयार करून देत होतो. गिऱ्हाइकाला घाई असायची, आणि त्यातून फारसे काही बिघडतही नव्हते. गूगलवर फोटो थोडे लहान करून ठेवले तर कितीही ठेवता यायचे.

ते दिवस संपले. १ जून २०२१पासून नवे फोटो जागेच्या हिशेबात धरले जाऊ लागले. २०२४मध्ये अँड्रॉइड फोनांवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच हिशेबात आला. फुकट मिळणारी जागा मात्र तेवढीच राहिली. एका खात्याला १५ जीबी, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळे आले. चार माणसे एका खात्यावर असली तर चौघांचे व्हिडिओ आणि चौघांचे व्हॉट्सॲप त्याच १५ जीबीत कोंबले जाते. चौघांची चार खाती असती तर त्याच घराला फुकटात ६० जीबी मिळाली असती.

जागा भरली की फोटो जायचे थांबतात एवढेच पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ई-मेलही बंद होतो, येणाराही आणि जाणाराही. बारावीनंतरच्या प्रवेशाच्या दिवसांत पेडण्याकडची एक आई मुलीला घेऊन आमच्याकडे आली होती. कॉलेजचा ई-मेल येतच नव्हता आणि मुलीला वाटत होते आपले नाव लागले नाही. खाते उघडून पाहिले तर आईच्या व्हॉट्सॲपवरच्या भजनांच्या आणि नाटकांच्या व्हिडिओंनी जागा काठोकाठ भरलेली. जागा करून दिली, कॉलेजला फोन करायला सांगितले, काम झाले. पण तीन दिवस त्या मुलीने काळजीत काढले, आणि कारण फक्त एवढेच होते की आईचे आणि तिचे खाते एक होते.

एकाने साफ केले, सगळ्यांचे गेले

आमचा आणि तुमचा सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक ही. जागा भरली असा निरोप फोनवर येतो. घरातला कोणीतरी, बहुतेक वेळा सर्वांत मदतीला तत्पर असतो तोच, आपल्या फोनवरचे फोटो डिलीट करत सुटतो. त्याला वाटते आपण आपला फोन मोकळा करतो आहोत. पण खाते एक असल्यामुळे समोर दिसणारे फोटो फक्त त्याचे नसतात. आईचे, बाबांचे, वहिनींचे सगळे एकाच ढिगात असतात. एका फोनवरून डिलीट केलेला फोटो त्या खात्यातूनच जातो, म्हणजे सगळ्यांकडून जातो.

डिचोलीकडच्या एका कुटुंबाचे उदाहरण सांगतो. चवथीला सगळे मूळ घरी जमले. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधतानाचे, आरतीचे, फुगड्यांचे फोटो चौघांच्या फोनांवरून एकाच खात्यात गेले. त्यात आजोबांनी स्वतः म्हटलेल्या आरतीचा व्हिडिओ होता. दसऱ्याच्या सुमारास टॅब्लेटवर जागा भरल्याचा निरोप आला आणि घरातल्या एकीने मोठ्या फायली शोधून डिलीट केल्या. सर्वांत मोठी फाइल अर्थातच व्हिडिओची. संक्रांतीला आजोबा आजारी पडले, तेव्हा कोणीतरी तो व्हिडिओ शोधायला गेला. मग ते आमच्याकडे आले.

गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केला, की तो ६० दिवस ‘ट्रॅश’मध्ये राहतो. आयफोनवर ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये साधारण ३० दिवस. त्यानंतर आम्ही काय, कोणीही काही करू शकत नाही. दसरा ते संक्रांत म्हणजे तीन महिने. सुदैवाने एका नातेवाइकाच्या फोनात व्हॉट्सॲपवरून गेलेली अस्पष्ट प्रत सापडली. तेवढीच राहिली.

म्हणून हे लक्षात ठेवा. गूगल फोटोजमध्ये ‘डिलीट’ आणि ‘फ्री अप स्पेस’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘फ्री अप स्पेस’ दाबले तर बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली प्रत जाते आणि खात्यातली राहते. ‘डिलीट’ने दोन्ही जातात. फोन भरला असेल तर ‘फ्री अप स्पेस’, खाते भरले असेल तर ‘डिलीट’, पण तेही कोणाचे काय आहे ते बघून. आणि चुकून गेलेच, तर ट्रॅश रिकामा करू नका आणि त्याच आठवड्यात या. फोन नंबरांचेही तसेच आहे. गूगल कॉन्टॅक्ट्समधून पुसलेले नंबर ३० दिवसांच्या आत परत आणता येतात. बाबांनी ‘हे कोण आहेत, मला नकोत’ म्हणून मुलाच्या मित्रांचे नंबर काढून टाकले आणि मुलाच्या फोनातून ते नाहीसे झाले, अशी कामे आम्ही अनेकदा केली आहेत.

मुलगा बोटीवर, फोन दुकानात

दुसरा प्रकार गोव्यात फार होतो, कारण घरातला एकजण तरी बाहेर असतो. दुबईत, पोर्तुगालमध्ये, लंडनमध्ये, नाहीतर तारवटी म्हणून बोटीवर. आईच्या फोनात त्याचे जीमेल. आई स्क्रीनचा पॅटर्न विसरते, शेजारचा कोणीतरी बटणे दाबून फोन रीसेट करतो, आणि फोन उघडताना आधीच्या जीमेलचा पासवर्ड मागतो. ही चोरीपासूनची राखण आहे. अँड्रॉइडमध्ये ती २०१५पासून आहे, आयफोनमध्ये २०१३पासून. पासवर्ड आईला माहीत नाही. ‘विसरलो’ म्हटले की कोड जातो मुलाच्या गोव्यातल्या जुन्या सिमवर, आणि ते सिम रिचार्ज न केल्यामुळे कधीच बंद पडलेले. मुलाची बोट समुद्रात.

अशा वेळी ‘तुम्ही दुकानदार, तोडून द्या ना लॉक’ असे आम्हाला ऐकावे लागते. आम्ही लॉक तोडत नाही. कोणी करून देतो म्हणाला तरी आमच्याकडे ते होणार नाही, कारण समोर आलेला फोन कोणाचा आहे हे आम्हाला चेहऱ्यावरून कळत नाही. तुमचा फोन उद्या म्हापशाच्या बाजारात चोरीला गेला आणि कोणी आमच्याकडे घेऊन आला, तर आम्ही त्याला हेच उत्तर द्यावे असे तुम्हालाही वाटेल. फोनचे बिल असेल तर कंपनीच्या अधिकृत केंद्रात काय करता येते ते आम्ही विचारून देतो. मात्र खात्याच्या मालकाने स्वतः पासवर्ड दिला की हेच काम दहा मिनिटांत होते. आणखी एक: पासवर्ड नुकताच बदलला असेल तर रीसेट करण्याआधी २४ तास थांबा, असे गूगलच सांगते. म्हणून कधीकधी आम्ही ‘उद्या या’ म्हणतो. ती टाळाटाळ नसते.

मग घरात वाटून कसे घ्यायचे

‘वेगळी खाती केली तर पैसे चार वेळा भरायचे का?’ हा सगळ्यांचा पुढचा प्रश्न. नाही. त्यासाठीच गूगलमध्ये आणि ॲपलमध्ये फॅमिली ग्रुपची सोय आहे. दोन्हींकडे एका ग्रुपमध्ये सहापर्यंत माणसे, म्हणजे एक प्रमुख आणि पाच जण. जास्तीची जागा एकाने विकत घेतली की ती सगळ्यांना वापरता येते, आणि कोणाचे फोटो, कोणाचे ई-मेल कोणालाही दिसत नाहीत. गूगलवर प्रत्येकाचे आपले १५ जीबी आधी वापरले जातात, ते भरले की विकतच्या जागेतून घेतले जाते. विकत घेतलेली बरीचशी ॲप्सही वाटून घेता येतात. पासवर्ड एकमेकांना सांगावा लागत नाही.

नवरा-बायकोला एकमेकांचे सगळे फोटो हवे असतील तर गूगल फोटोजमध्ये ‘पार्टनर शेअरिंग’ आहे. एकाने काढलेला फोटो दुसऱ्याला आपोआप दिसतो, आणि दुसऱ्याने आपल्याकडचा डिलीट केला तरी पहिल्याचा राहतो. परदेशातल्या मुलाला गूगलच्या फॅमिली ग्रुपमध्ये घेता येईलच असे नाही, कारण सगळ्यांची खाती एकाच देशातली असावी लागतात. त्याच्यासाठी शेअर्ड अल्बम करा. चवथीचा एक अल्बम केला की तो तिकडून बघतो आणि आपले फोटोही त्यात टाकतो.

आजी-आजोबांचे खाते त्यांच्याच नावाने हवे. पण रिकव्हरीसाठी, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर कोड येण्यासाठी, नंबर जवळ राहणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा द्या, परदेशात असलेल्याचा नको. पासवर्ड वहीत लिहून घराच्या कागदपत्रांबरोबर, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याच्या फायलीत ठेवलात तरी चालेल. आमच्या मते म्हाताऱ्या माणसांसाठी हीच सर्वांत खात्रीची जागा. गूगल खाते दोन वर्षे कोणी उघडलेच नाही तर ते काढून टाकले जाऊ शकते, म्हणून जुन्या खात्यात आठवणी असतील तर अधूनमधून उघडत चला. आपल्यानंतर खाते कोणी बघावे हेही त्यात आधी नोंदवता येते. हे बोलायला जड जाते, पण घरातला कर्ता माणूस गेल्यावर बिले आणि विम्याचे कागद ई-मेलमध्ये अडकलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

तेरा वर्षांखालच्या मुलाला बाबांचे खाते लावून दिले तर यूट्यूब त्याला मोठा माणूस समजते. त्याच्यासाठी गूगलच्या फॅमिली लिंक ॲपमधून मुलाचे खाते उघडा. वेळ, ॲप्स आणि खरेदी तुमच्या फोनवरून ठरवता येते. टीव्हीवर आई-बाबांपैकी एकाचे खाते पुरते, फक्त त्यावरून खरेदीला पिन लावा. आयफोन दोघांकडे एकाच खात्यावर असले तर फेसटाइमचा कॉल दोन्हीकडे वाजतो, यावरूनही घरात गैरसमज झालेले आम्हाला माहीत आहेत.

लॅपटॉपबद्दल एवढेच. विंडोज ११च्या बऱ्याच मशीनमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकड्यांची चावी, मशीन सुरू करताना जे मायक्रोसॉफ्ट खाते टाकले, त्यात जाते. ते खाते भावाच्या मित्राचे असेल तर दुरुस्तीच्या वेळी तुमचाच डेटा तुम्हाला उघडता येत नाही. लॅपटॉप कुठूनही घ्या, खाते मात्र आपले टाका.

खाती वेगळी करताना

घाईने जुने खाते फोनातून काढू नका. आधी सगळ्या फोटोंची एक प्रत हार्ड डिस्कवर घ्या. मग ते जुने खाते कोणाकडे राहणार ते ठरवा. ज्याचे बँकेचे आणि सरकारी कामांचे ई-मेल त्यावर येतात, त्याच्याकडेच ते राहू द्या, बाकीच्यांनी नवी खाती उघडावीत. नंबरांची फाइल काढून नव्या खात्यात घाला आणि नको ते नंबर तिथे पुसा. व्हॉट्सॲपचा बॅकअप नव्या खात्यावर वळवा आणि तो पूर्ण झाला याची खात्री करा, कारण फोन बदलताना तोच नंबर आणि तेच गूगल खाते लागते. हे सगळे झाल्यावरच जुने खाते इतरांच्या फोनातून काढा आणि त्याचा पासवर्ड बदला.

घरी बसून हे करता येते, आणि ज्यांना येते त्यांनी जरूर करावे. अडले तर फोनवर विचारा, त्याचे पैसे घेत नाही. आमच्याकडून करून घ्यायचे असेल तर घरातले सगळे फोन, टॅब्लेट, लॅपटॉप एकाच वेळी आणा, आणि शक्यतो माणसेही या, कारण पासवर्ड आम्ही टाकत नाही आणि लिहूनही ठेवत नाही. तो तुमच्याच हाताने टाकावा लागतो. ‘खाते फुकट मिळते, मग तुम्ही पैसे कसले घेता?’ असे काही जण विचारतात. चार फोनांचे काम नीट केले तर दोन-तीन तास जातात आणि त्या वेळात आम्ही दुसरे काम हातात घेत नाही, त्याचे ते पैसे आहेत. दर काउंटरवर लावलेला आहे. नवा फोन आमच्याकडून घेतला तर त्या फोनपुरते हे काम त्यातच धरलेले असते. फोटोंसाठी हार्ड डिस्क आमच्याकडे मिळते, घरातली चालत असेल तर तीच आणा.

येताना फोनांची बिले, चार्जर आणि ज्या नंबरांवर कोड येतात ती सिमे चालू स्थितीत आणा. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत हे काम आम्ही घेत नाही. सोमवार ते गुरुवार दुपारी तीननंतर, आदल्या दिवशी फोन करून या. चवथीच्या आधीचा पंधरवडा लवकर भरतो, तेव्हा त्यासाठी नाव आताच सांगून ठेवा.