पाच नंबर, त्यातला एकच चालू

परवा ठाणे स्टेशनच्या पुलावर एक 'हरवला आहे'चं पत्रक दिसलं, अर्ध्यावर क्लासची जाहिरात चिकटवलेली आणि मोबाईल नंबरचे शेवटचे दोन आकडे फाटलेले. आता हा पोरगा सापडला तरी फोन लावणार कसा? तेव्हा अंधेरीची केस आठवली, २०२२ ला आमच्या कळव्यात सगळ्यांच्या तोंडी होती, पण मागचं बऱ्याच जणांना माहीत नाहीये.

२२ जानेवारी २०१३. सात वर्षांची पोरगी भावाबरोबर शाळेत जायला निघाली ती गायबच. पोलिसांचं म्हणणं असं की मूल नसलेल्या एका जोडप्याने तिला नेलं, कर्नाटकात हॉस्टेलला ठेवलं आणि पुढे स्वतःचं बाळ झाल्यावर परत आणून कामाला जुंपलं.

तेव्हा पोरं हरवली की बऱ्याच ठिकाणी नुसती मिसिंगची नोंद व्हायची, गेला असेल मामाकडे, येईल दोन दिवसांनी! ही मुलगी गेल्यावर साडेतीन महिन्यांनी, १० मे २०१३ ला, मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर घ्यायचाच, आणि अपहरण किंवा तस्करी झाली असं धरूनच तपास सुरू करायचा. चार महिन्यांत पत्ता नाही लागला तर केस मानवी तस्करीविरोधी पथकाकडे. मग जुलै २०१५ ला ऑपरेशन मुस्कान आलं, म्हणजे हरवलेली पोरं शोधायची पोलिसांची मोहीम.

पण कागद कितीही सुधारले तरी शोधणारा माणूस लागतो. डी.एन. नगर पोलीस ठाण्याचे राजेंद्र भोसले, २००८ ते २०१५ मध्ये त्यांच्याकडे १६६ मुली हरवल्याच्या केसेस, १६५ सापडल्या. राहिली ती हीच. २०१५ ला रिटायर झाले तरी त्यांनी शोध सोडला नाही.

आणि सापडली कुठे, तर घरापासून जेमतेम पाचशे मीटरवर! जिथे ती बाळ सांभाळायला जायची तिथल्या एका कामवाल्या बाईंना तिने सगळं सांगितलं, त्यांनी नेटवर तिचं नाव टाकलं तर २०१३ चं पोस्टर निघालं. फोटो बघून पोरीला घरचं आठवायला लागलं. पोस्टरवर पाच नंबर, चार बंद. पाचवा शेजाऱ्याचा होता, साडेनऊ वर्षांत त्याने तो बदलला नव्हता. त्याच नंबरवर व्हिडिओ कॉल झाला आणि ४ ऑगस्ट २०२२ ला पोरगी आईला भेटली.