टनेज राहू दे, उतारा सांगा

आमच्या गल्लीत सकाळी कचऱ्याचा टिपर आला की पहिली बादली बाहेर येते ती शेजारच्या काकूंची. परवा ती मी नीट निरखून पाहिली. वर भाकरीचे तुकडे, मेथीच्या काड्या, पांढऱ्या रश्श्यासाठी दूध काढून उरलेला खोबऱ्याचा चोथा आणि सगळ्यात खाली दुधाची रिकामी पिशवी. ही बादली 'ओला कचरा' म्हणून वजनात धरली जाणार, पिशवीसकट.

ओल्या कचऱ्याचा वेगळा उठाव आणि त्याचं खत करणं वाढतंय का, हे सांगताना बहुतेक वेळा टनांचा आकडा पुढे केला जातो. कोल्हापूरकरानं तरी एवढ्यावर समाधान मानू नये. कारखान्यानं किती टन गाळप केलं हे ऐकून ऊस घालणारा थांबतो का? तो उतारा विचारतो, म्हणजे शंभर किलो उसातून साखर किती किलो निघाली ते. आणि काट्यावर त्याचा विश्वास तर कधीच नसतो.

कचऱ्याच्या काट्यावरही आपला विश्वास नसावा, पण कारण वेगळं. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात साधारण ७० ते ८० टक्के पाणीच असतं. त्यात आपला जुलै-ऑगस्टचा पाऊस. उघड्यावर भिजलेला कचरा वजनकाट्यावर चढला की टनेज फुगतं; खाणारी तोंडं तेवढीच असतात. म्हणून मे महिन्याची तुलना ऑगस्टशी करण्यात अर्थ नाही. यंदाचा ऑगस्ट गेल्या ऑगस्टशीच ताडून पाहायला हवा.

आता कचऱ्यातून खत किती निघतं, त्या उताऱ्याचं गणित. १० किलो ओला कचरा घ्या. त्यात ७५ टक्के पाणी धरलं तर कोरडा भाग उरतो अडीच किलो. जिवाणू आणि बुरशी त्यातला साधारण निम्मा खाऊन टाकतात, तो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. राहिला सव्वा किलो. तयार खतात ४० टक्के ओल धरली की वजन भरतं दोन किलोच्या थोडं वर. म्हणजे उतारा वीस टक्क्यांच्या आसपास. एखाद्या प्रकल्पात शंभर टन ओला कचरा गेला आणि बाहेर पाचच टन खत आलं, तर मधे काय झालं ते विचारायला जागा आहे. उलट साठ टन आलं, तर खत नीट कुजलेलं नाही किंवा त्यात माती आहे.

घरी खत करायला लावलेली माझी स्वतःची पहिली बादली मात्र उताऱ्यापर्यंत पोचलीच नाही. आठव्या दिवशी काकू कठड्यावरून म्हणाल्या, "वास मारालाय की गं!" खरंच मारत होता. नुसता ओला कचरा दाबून बसला की आत हवा जात नाही. मग हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य सुरू होतं आणि ते मिथेन व दुर्गंधीचे वायू सोडतात. कोंडाळ्यात आणि कचऱ्याच्या डोंगरात नेमकं हेच घडतं. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

उपाय आपल्या दारातच होता. जिवाणूंना एक भाग नायट्रोजनमागे २५ ते ३० भाग कार्बन लागतो. भाजीच्या देठांत कार्बन कमी पडतो. उसाच्या पाचटात आणि चिपाडात तो भरपूर. कुस्करलेलं पाचट थराथरानं घातल्यावर तीन-चार दिवसांत वास गेला. मोठ्या ढिगात तर तापमान ५५ ते ६५ अंशांवर चढतं आणि रोगजंतू, तणाचं बी त्यात मरतं. थंडीत पहाटे उकिरड्यातून वाफ निघताना पाहिली असेल, ती हीच. बादलीत एवढी ऊब टिकत नाही, म्हणून तिथं काम सावकाश चालतं. मिसळीचा कट मात्र बादलीत ओतू नये. तेलाचा थर हवा अडवतो.

शहराचा अंदाज हवा असेल तर असा बांधता येतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालात भारतीय घरांतला अन्नकचरा माणशी वर्षाला ५५ किलो धरला आहे, साली आणि हाडांसकट. २०११च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या आसपास होतं. गुणाकार केला की रोजचे साधारण ८० टन येतात, तेही जुन्या लोकसंख्येवर.

गंमत पुढे आहे. घरोघरी खत होऊ लागलं तर टिपरमधलं टनेज घटेल आणि कागदावर योजना पडल्यासारखी दिसेल! माझी बादली कुठल्याच काट्यावर चढत नाही. दक्षिण कोरियानं २००५मध्ये अन्नकचरा थेट जमिनीत पुरण्यावर बंदी घातली आणि २०१३पासून वजनानुसार पैसे आकारले; तिथल्या अनेक इमारतींत कार्ड लावून पेटी उघडते आणि त्या घराचा कचरा तोलला जातो. आपल्याकडे २०१६च्या घनकचरा नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करायला सांगितलं, पण किती घरं तसं करतात हे टनांत दिसत नाही. त्यासाठी दारोदार मोजदादच लागते, आणि नमुना तपासणी. तिची रीत साधी आहे: गाडीतला कचरा गोल पसरायचा, चार फाळ्या करायच्या, समोरासमोरच्या दोन बाजूला काढायच्या, उरलेल्या कालवून पुन्हा तेच. शेवटी हाताळता येईल एवढा ढीग राहिला की हातमोजे घालून तो निवडायचा आणि ओल्यात प्लास्टिक किती, ते तोलायचं. तांदूळ निवडण्याइतकं कंटाळवाणं काम. पण उठाव सुधारतोय की नुसता वाढतोय, हे यातूनच कळतं.

गेल्या आठवड्यात काकूंनी कढीपत्त्यासाठी डबाभर खत मागितलं. दिलं, पण आधी दुधाच्या पिशवीचं बोलून घेतलं.