समचय-निर्मिती, प्रोलॉगमधील
यादीतून ठरावीक संख्येने घटक निवडण्याचे, क्रम न पाहता होणारे सर्व पर्याय प्रोलॉग या तर्काधिष्ठित संगणकभाषेत पुनरावर्ती विधेयाने (स्वतःलाच पुन्हा वापरणाऱ्या नियमांच्या संचाने) मिळवण्याची रीत. यादीचा पहिला घटक निवडीत असतो किंवा नसतो. असल्यास उरलेल्या यादीतून एक कमी घटक निवडायचा, नसल्यास तितकेच निवडायचे.

ही विभागणी प्रोलॉगहून फार जुनी आहे. वरच्या दोन घरांची बेरीज खालच्या घरात मांडणारा मेरुप्रस्तार पिंगलाच्या छंदःशास्त्राशी जोडला जातो. पिंगलाचा काळ साधारणपणे इ.स.पू. तिसरे ते दुसरे शतक मानतात, पण तो निश्चित नाही. शिवाय मूळ सूत्र इतके त्रोटक आहे की त्यातून प्रस्ताराची रचना टीकेवाचून उलगडत नाही. रीत स्पष्ट शब्दांत सांगितली आहे ती हलायुधाच्या टीकेत (दहावे शतक). त्यामुळे बेरजेच्या नियमाचे श्रेय हलायुधापुरते ठेवून पिंगलाकडे बीज मानणे अधिक सुरक्षित वाटते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) सहा रसांपासून किती व्यंजने होतील, असा प्रश्न आहे. त्याचे उत्तर 63.

प्रोलॉग 1972च्या सुमारास मार्सेय येथे आलँ कोल्मरोअर व फिलिप रूसेल यांनी घडवली. तिच्या तार्किक बैठकीत एडिंबरोच्या रॉबर्ट कोवाल्स्की यांचा वाटा मोठा आहे.

युनिकोड मानणाऱ्या एसडब्ल्यूआय-प्रोलॉग या प्रोलॉगच्या आवृत्तीत विधेय देवनागरीतही लिहिता येते. चलाचे नाव मात्र अधोरेखेने सुरू करावे लागते. पुढे [_अ|_क] म्हणजे पहिला घटक व उरलेली यादी, ‘:-’ म्हणजे ‘जर’, नुसती अधोरेखा म्हणजे कोणतेही मूल्य:

निवड([], _).
निवड([_अ|_क], [_अ|_य]) :- निवड(_क, _य).
निवड([_अ|_क], [_|_य]) :- निवड([_अ|_क], _य).

पहिल्या जागी दोन मोकळ्या (अजून मूल्य न मिळालेल्या) चलांची यादी व दुसऱ्या जागी [मधुर, आम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय] दिल्यास बॅकट्रॅकिंगने (मागे येऊन पुढचा पर्याय तपासत) 15 जोड्या मिळतात. पहिली मधुर-आम्ल, शेवटची तिक्त-कषाय. दुसरा व तिसरा नियम अदलाबदल केल्यास हाच क्रम उलटा येतो. पहिल्या जागी यादीऐवजी नुसते मोकळे चल दिले तर 64 उत्तरे येतात. रिकामी यादी वगळता लीलावतीतले 63.

चूक बहुधा तिसऱ्या नियमात होते. तेथे [_अ|_क] ऐवजी साधे चल ठेवले, तर निवड पूर्ण झाल्यावरही नियम लागू पडत राहतो आणि तेच उत्तर पुन्हा येते: [क, ख, ग] मधून दोन घेताना 3 ऐवजी 4 उत्तरे, क-ख दोनदा. मूळ यादीतच घटक दुबार असेल तर मात्र दोष विधेयाचा नाही. ते मूल्य नव्हे, जागा निवडते. अशा वेळी दुबार उत्तरे सेटऑफ या तयार विधेयाने गाळावीत. दुसरी यादी मोकळी सोडल्यास उत्तरे संपतच नाहीत.

घटकांची संख्या अंकाने मोजणाऱ्या पर्यायात वजाबाकी ‘=’ ने लिहू नये. ते चिन्ह केवळ एकरूपता तपासते, आकडेमोड करत नाही.

वेळ वाया जातो तो यादी अपुरी पडते तेव्हा. 20 घटकांतून 20 निवडताना उत्तर एकच, तेही लगेच मिळते. पण दुसरे नाही हे ठरवायला शोध एकूण 10,48,576 वाटा तपासतो. उरलेल्या घटकांची संख्या सोबत नेऊन, ती गरजेपेक्षा जास्त असेल तरच तिसरा नियम लागू करावा.