वेल्सची मधली फळी (महिला फुटबॉल)

वेल्सच्या महिला राष्ट्रीय फुटबॉल संघात बचाव आणि आघाडी यांच्यामध्ये खेळणाऱ्या मध्यरक्षकांची परंपरा. लोकसंख्या जेमतेम 31 लाख, स्थानिक लीग छोटी आणि तिथे पूर्णवेळ व्यावसायिक खेळाची सोय जवळपास नाहीच. तरीही या देशाने जेन लडलो, जेस फिशलॉक, सोफी इंगल, अँगहॅरॅड जेम्स अशा एकापेक्षा एक मध्यरक्षक दिल्या. यांच्यानंतरच्या पिढीत कॅरी जोन्सचे नाव पुढे आले. वेल्सच्या लाल जर्सीत नाव काढायचे तर आधी वेल्स सोडावे लागते, ही गोष्ट या सगळ्यांच्या बाबतीत खरी ठरली.

याची मुळे जुनी आहेत. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने डिसेंबर 1921 मध्ये आपल्या मैदानांवर महिलांना मज्जाव केला आणि पुढच्याच वर्षी वेल्सच्या संघटनेने तीच री ओढली. बंदी उठली 1970 मध्ये. 13 मे 1973 रोजी लानेल्लीच्या स्टेबनहीथ पार्कवर वेल्सच्या मुली आयर्लंडविरुद्ध उतरल्या आणि 2-3 अशा हरल्या. मात्र हा संघ संघटनेचा नव्हता. पुढची वीस वर्षे खेळाडू आणि स्वयंसेवकांनी तो आपल्या हिमतीवर चालवला. लॉरा मॅकॲलिस्टर, मिशेल ॲडम्स आणि कॅरन जोन्स या तिघींनी संघटनेचे सचिव ॲलन इव्हान्स यांना गाठून गळ घातली, तेव्हा कुठे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अधिकृत संघ उभा राहिला. सुरुवातीलाच गाठ पडली जर्मनीशी, आणि एका सामन्यात तब्बल बारा गोल खावे लागले. 2003 मध्ये तर पैसा नाही म्हणून संघटनेने युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीतून संघच मागे घेतला. मुली खेळायला तयार होत्या, दार आतून बंद होते.

त्या काळातली ठळक खेळाडू म्हणजे ऱ्होंडा खोऱ्यातली जेन लडलो. तिने कारकीर्द गाजवली ती लंडनमध्ये, आर्सेनलकडून. 2007 मध्ये युरोपीय क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या आर्सेनल संघात ती होती. 2014 ते 2021 या काळात तिने राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले. सहज हरवता येणारा संघ ही वेल्सची ओळख पुसली गेली ती तिच्याच काळात. एप्रिल 2018 मध्ये साउदॅम्प्टनला वेल्सने इंग्लंडला गोलशून्य बरोबरीत रोखले, आणि विश्वचषक पात्रतेच्या पहिल्या सात सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. आठव्या सामन्यात न्यूपोर्टमध्ये त्याच इंग्लंडने तीन गोल केले आणि विश्वचषक हुकला.

इथे कार्डिफविषयी एक खुलासा करायला हवा, कारण नावांचा घोळ भल्याभल्यांना चकवतो. ‘कार्डिफ सिटी लेडीज’ हा 1975 मध्ये लॅनेडर्न या नावाने सुरू झालेला स्वतंत्र क्लब आहे आणि तो इंग्लंडच्या लीगरचनेत खेळत आला आहे. पुरुषांच्या प्रसिद्ध क्लबशी जोडलेला महिला संघ वेगळा, तो वेल्सच्या ‘अद्रान प्रीमियर’ या महिला लीगमध्ये खेळतो. फिशलॉक, इंगल आणि कॅरी जोन्स पहिल्या क्लबातून घडल्या. वेल्समध्ये राहून सीमेपलीकडची लीग खेळायची, हा घराबाहेर पडण्याचा पहिला टप्पाच म्हणायचा.

फिशलॉकने तर जग पालथे घातले. 1987 मध्ये कार्डिफमध्ये जन्मलेली ही बुटकी, चिवट खेळाडू नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया असे करत अमेरिकेत पोहोचली, 2013 पासून सिॲटलच्या रेन संघाची झाली आणि अधूनमधून स्कॉटलंड, जर्मनी, फ्रान्समध्येही खेळली. फ्रँकफर्ट आणि लिओं अशा दोन क्लबांबरोबर तिने चॅम्पियन्स लीग अनुभवली आणि 2021 मध्ये अमेरिकन लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली. 2017 मध्ये वेल्ससाठी शंभर सामन्यांचा टप्पा गाठणारी ती पहिली फुटबॉलपटू ठरली. पहिली महिला असे नव्हे, पुरुष धरूनही पहिली! पुरुष फुटबॉलचा तारा गॅरेथ बेलच्या देशात हे मुद्दाम सांगावे लागते. इंगल चेल्सीकडून, तर पेम्ब्रोकशरच्या ग्रामीण भागातून आलेली वेल्शभाषक जेम्स अनेक क्लब फिरून अखेर फिशलॉकच्याच सिॲटल संघात खेळली. 2024 मध्ये कर्णधारपद इंगलकडून जेम्सकडे आले.

कॅरी जोन्सचा जन्म सप्टेंबर 2003 चा. पॉविस परगण्यातले न्यूटाउन हे तिचे गाव मध्य वेल्सच्या टेकड्यांत आहे आणि कार्डिफपासून रस्त्याने दीडशे किलोमीटर तरी पडते. राष्ट्रीय संघातून ती पहिल्यांदा खेळली ऑगस्ट 2019 च्या अखेरीस, फेरो बेटांविरुद्ध, तेव्हा तिचा सोळावा वाढदिवस आठवड्याभरावर आला होता. तो सामना वेल्सने 6-0 असा जिंकला. पण लगेच पुढच्या लढतीत न्यूपोर्टला उत्तर आयर्लंडने अगदी शेवटी गोल करून 2-2 अशी बरोबरी साधली. पुढे युरो पात्रता गटात दोघांचे गुण समसमान झाले, आणि परक्या मैदानावरचे तेच दोन गोल उत्तर आयर्लंडच्या कामी आले. वेल्सला प्ले-ऑफ, म्हणजे पात्रतेची शेवटची संधी देणारी लढतही मिळाली नाही. 2022 च्या विश्वचषक प्ले-ऑफमध्ये फिशलॉकच्या व्हॉलीने जादा वेळेत बोस्नियाला हरवले, तेव्हा कार्डिफमध्ये पंधरा हजारांवर प्रेक्षक होते. पाचच दिवसांनी झ्युरिकमध्ये 120 मिनिटे उलटून गेल्यावर स्वित्झर्लंडच्या फॅबिएन हुमने गोल मारला आणि सगळे पुन्हा संपले. तोंडाशी आलेला घास जाण्याची जणू सवयच लागली होती.

दरम्यान जोन्स मँचेस्टर युनायटेडला गेली, लेस्टर सिटी आणि ब्रिस्टल सिटीकडून खेळली आणि नंतर स्वीडनमध्ये नॉर्शोपिंगला पोहोचली. कधी मध्यात, कधी डाव्या बगलेवर, कधी थेट आघाडीला अशा तिच्या जागा बदलत राहिल्या. मोठ्या क्लबात बाकावर बसण्यापेक्षा लहान क्लबात मैदानावर असणे तरुण मध्यरक्षकाला केव्हाही हिताचे, आणि तिच्या बाबतीत हे लवकरच दिसले.

3 डिसेंबर 2024, डब्लिन. युरो 2025 च्या प्ले-ऑफची अंतिम फेरी. कार्डिफमधला पहिला सामना 1-1 असा सुटला होता आणि समोर पंचवीस हजारांवर आयरिश पाठीराखे होते. पूर्वार्धात आयर्लंडचा जोर होता. उत्तरार्धाच्या सुरुवातीला व्हिडिओ पाहून पंचांनी हँडबॉल ठरवला आणि वेल्सच्या हॅना केनने पेनल्टीवर गोल केला. 67 व्या मिनिटाला जोन्स मोकळ्या जागेत सुटली आणि चेंडू गोलरक्षक ब्रॉसननला चुकवून जाळ्यात गेला. वय 21. चार मिनिटे उरलेली असताना आयर्लंडच्या ॲना पॅटनने एक गोल फेडला, त्यानंतरचा वेळ वेल्सच्या बचावफळीने अक्षरशः तग धरून काढला. 2-1. पन्नास वर्षांहून अधिक काळानंतर वेल्सच्या महिला पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेत पोहोचल्या, आणि निर्णायक गोल मारणारी मुलगी तेव्हा स्वीडनच्या क्लबात होती.

प्रशिक्षक ऱ्हियन विल्किन्सनने स्पर्धेसाठीचा संघ जून 2025 मध्ये अर विद्वा, म्हणजे स्नोडन या वेल्समधल्या सर्वांत उंच डोंगरावरून जाहीर केला. स्वित्झर्लंडमध्ये मात्र गट कर्मकठीण मिळाला. नेदरलँड्सकडून 0-3, फ्रान्सकडून 1-4, आणि पुढे विजेत्या ठरलेल्या इंग्लंडकडून 1-6. आकडे वाचून कुणी नाक मुरडेल, पण सेंट गॅलनला फ्रान्सविरुद्ध तेराव्या मिनिटाला जे घडले ते या आकड्यांत मावत नाही. केरी हॉलंडने चेंडू आत दिला, फिशलॉकने तो जाळ्यात लोटला, साहाय्यक पंचाचा झेंडा वर गेला. मग व्हिडिओ तपासणी, काही क्षणांची वाट, आणि गोल कायम. लाल टोप्या घातलेल्या वेल्श प्रेक्षकांनी तोच आनंद दोनदा साजरा केला. मोठ्या स्पर्धेतला वेल्सच्या महिलांचा हा पहिला गोल, आणि 38 वर्षांची फिशलॉक महिला युरोत गोल करणारी सर्वांत वयस्क खेळाडू. ऑक्टोबर 2025 मध्ये कार्डिफमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्याने तिने आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला.