घटका: बुडत्या वाटीने मोजलेला वेळ

‘घटकाभर टेका’ म्हणणाऱ्याच्या मनात पाच मिनिटे असतील नाहीतर अर्धा तास असेल, कोणी हिशेब मागत नाही. ‘अखेरच्या घटका मोजतोय’ यातली घटका तर त्याहूनही सैल. मूळची घटका मात्र मोजून २४ मिनिटांची. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत ६० घटका, एका घटकेची ६० पळे आणि एका पळाची ६० विपळे. म्हणजे पळ २४ सेकंदांचे आणि विपळ सेकंदाच्या निम्म्याहूनही कमी. घटी, घटिका, नाडी, नाडिका, दंड ही सगळी याच मापाची नावे.

पळाच्या खाली आणखी एक माप होते, प्राण. सहा प्राण म्हणजे एक पळ, म्हणून प्राण चार सेकंदांचा. निरोगी माणसाचा एक श्वासोच्छ्वास किंवा दहा गुरू अक्षरे उच्चारायला लागणारा वेळ, अशी त्याची ओळख ग्रंथांत दिली आहे. दिवसाचे प्राण होतात २१,६०० आणि वर्तुळाच्या ३६० अंशांच्या कलाही (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) तेवढ्याच. एका प्राणात आकाश साधारण एक कला सरकते. या जुळणीमुळे ज्योतिषाच्या गणितात काळ आणि कोन यांची अदलाबदल जवळजवळ फुकट होते. घटकेची मांडणी साठाच्या पटीत का, याचे मोठे उत्तर इथे आहे.

नाडिका आणि घटिका या दोन नावांत दोन वेगळी उपकरणे दडलेली आहेत. नाडिका म्हणजे नळी. कौटिलीय अर्थशास्त्रात सांगितलेले उपकरण असे: चार माष (माष हे सोन्याचे छोटे वजन) सोन्याची चार अंगुळे लांब तार ओढायची, तिच्या जाडीचे भोक कुंभाला ठेवायचे आणि त्यातून एक आढक (आढक हे आकारमानाचे माप) पाणी वाहून जाईल तेवढ्या वेळाला नालिका, म्हणजे नाडिकाच, म्हणायचे. दोन नालिकांचा एक मुहूर्त. वेदांगज्योतिषातही पाण्याचे असेच माप आहे. तिथे सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा आणि सर्वांत लहान १२ मुहूर्तांचा धरला आहे. हे प्रमाण साधारण ३५ अक्षांशाच्या आसपास जुळते, महाराष्ट्रात मुळीच नाही. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सुमारे ३३ घटींचा आणि सर्वांत लहान सुमारे साडेसत्तावीस घटींचा.

वाहत्या कुंभाची अडचण अशी, की पाणी कमी होत गेले की दाब घटतो आणि धार मंदावते. नंतरच्या काळात उपकरण उलटे झाले. भोक तळाला असलेली हलकी तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. पाणी खालून आत चढते, वाटी भरते आणि बुडते. हीच घटिका, छोटा घट. सूर्यसिद्धान्त या ज्योतिषग्रंथात तिचे वर्णन एका श्लोकात आटोपले आहे: तळाला छिद्र असलेले तांब्याचे पात्र स्वच्छ पाण्याच्या कुंडात ठेवले, की ते अहोरात्रात साठ वेळा बुडते. ‘स्वच्छ’ हा शब्द तिथे उगाच आलेला नाही.

लल्ल या जुन्या ज्योतिषाने पात्राची मापे दिली आहेत. दहा पळे वजनाचे तांबे, अर्ध्या घटासारखा आकार, तोंड बारा अंगुळे रुंद, उंची सहा अंगुळे. छिद्र पाडायची सोन्याची सळई चार अंगुळे लांब आणि सव्वातीन माषांहून किंचित जास्त, नेमकी ३ १/३ माष वजनाची. सळईची जाडी थेट मोजण्यापेक्षा ठरावीक वजनाच्या सोन्याची ठरावीक लांबी करणे सोपे, कारण सोनाराच्या तराजूत वजन अचूक मिळते आणि जाडी आपोआप ठरते. इथले ‘पळ’ वजनाचे आहे. अशा पात्रात ६० पळे पाणी मावते असे धरले, तर एक पळ पाणी आत यायला लागणारा वेळ म्हणजेच एक पळ. वजनाचे नाव काळाला मिळाले ते असे, हा खुलासा मला पटतो.

भास्कराचार्यांना ही मापे मान्य नव्हती. ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत त्यांनी सरळ सांगितले, की तांब्याची वाटी करा, तळाला भोक पाडा, ती दिवसरात्रीत किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने अहोरात्राला भागा. दहा पळे तांबे आणि सोन्याची सळई हे वर्णन त्यांनी युक्तिशून्य आणि करायला अवघड ठरवले. त्यांचे म्हणणे कारागिराच्या बाजूने आहे. पात्र ६४ वेळा बुडाले तर त्याची एक बुडी साडेबावीस मिनिटांची, म्हणजे ५६ पळे १५ विपळांची. मग भोक लहान करत बसायची गरज नाही, गुणाकार करायचा. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे.

पात्र बिघडते कशाने? सर्वांत आधी छिद्र. पाण्यातला क्षार किंवा तांब्यावरची कीट छिद्राच्या कडेला बसली की पाणी सावकाश चढते आणि घटका लांबते. मग कोणी ते राखेने नाहीतर चिंचेने घासून लखलखीत करतो, सळई फिरवून भोक मोकळे करतो, आणि भोक केसभर मोठे झाले की घटका कायमची आखूड होते. घासून घासून वाटी हलकी झाली तर उलटे घडते: तिला खाली दाबणारे वजन कमी झाल्याने पाणी हळू चढते. दुसरी गोष्ट पाण्याची उष्णता. दहा अंश सेल्सिअसच्या पाण्याचा दाटपणा तीस अंशांच्या पाण्यापेक्षा दीडपटीहून जास्त असतो. बारीक भोकातून ते सावकाश वाहते, त्यामुळे पहाटेच्या गार पाण्यातली घटका दुपारच्या घटकेहून लांब भरते. तिसरी गोष्ट हाताळणीची. बुडालेले पात्र काढणे, पालथे करून रिते करणे, पुन्हा अलगद सोडणे यात दरवेळी पाच सेकंद गेले, तर साठ बुड्यांत पाच मिनिटे गळतात. दोन सारखी पात्रे आलटून पालटून सोडली तर ही गळती थांबते. मोजणी रोज सूर्योदयाला नव्याने सुरू केली, की चूक दुसऱ्या दिवसावर चढत नाही.

भास्कराचार्यांची मुलगी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या लीलावतीची कथा याच छिद्राभोवती फिरते. लग्नाची घटका जवळ आली असताना ती पात्रात वाकून पाहते, अंगावरच्या दागिन्यातला मोती आत पडतो, भोक बुजते आणि मुहूर्त टळतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ही कथा नाही. ती येते अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने १५८७ मध्ये त्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथाच्या केलेल्या फारसी भाषांतरात. पण ज्याने रचली त्याला पात्र चांगले ठाऊक होते, कारण एवढासा कणदेखील तेच काम करतो.

वाटी बुडाली हे गावाला कळायचे ते ठोक्याने. काशाची जाड थाळी टांगलेली असे आणि घटका भरली की तिच्यावर टोला पडे. ती थाळी म्हणजे घडियाल, आपले घड्याळ. बाबराने आपल्या आत्मवृत्तात ही व्यवस्था बारकाईने लिहिली आहे. थाळी दोन बोटे जाड असते आणि ती वाजवणाऱ्यांना घडियाली म्हणतात, असे तो नोंदवतो. त्याने त्यात एक सुधारणाही केली. रात्री जाग आलेल्या माणसाला घटकेचे टोले ऐकू येत, पण प्रहर कितवा ते कळत नसे. म्हणून घटकेचे टोले झाले की थोडे थांबून प्रहराचेही द्यावेत असा हुकूम त्याने काढला. त्याच्याही आधी, चौदाव्या शतकात, दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याने बसवलेल्या यंत्राचे नाव होते तास-घडियाल. फारसीत तास म्हणजे वाटी. मराठीने ते दोन्ही शब्द ठेवून घेतले, पण दोघांची कामे बदलली. ‘घटका गेली, पळे गेली, तास वाजे झणाणा’ यातला तास अजून टोल्याची थाळी आहे. पुढे तोच ६० मिनिटांचा झाला. ‘किती वाजले?’ या प्रश्नातले वाजणेही टोल्याचेच.

प्रहराचा हिशेब घटकेपेक्षा वेगळा आहे. प्रहर म्हणजे दिवसाचा किंवा रात्रीचा चौथा भाग, त्यामुळे तो ऋतूप्रमाणे लांबतो-आखडतो. दिवसरात्र समान असताना तो साडेसात घटींचा. दोन प्रहर झाले की दुपार. मुहूर्ताचीही हीच गत. दोन घटींचा, ४८ मिनिटांचा मुहूर्त हे ठाम माप, पण दिवसाचे मुहूर्त काढताना दिनमानाचे, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे, पंधरा भाग करतात. त्यातला आठवा अभिजित. दिनमान ३३ घटी असेल तर तो २ घटी १२ पळांचा, साडेसत्तावीस असेल तर १ घटी ५० पळांचा. सर्वत्र ४८ मिनिटे धरून अभिजित काढणे ही नेहमीची चूक आहे.

लग्नातले घटिकास्थापन हे या पात्राचे सर्वांत मानाचे काम. सूर्यबिंब अर्धे उगवले किंवा अर्धे मावळले असताना पात्र पाण्यात सोडायचे, त्याची पूजा करायची आणि तिथून लग्नघटका मोजायची. पूजेच्या मंत्रात त्याला यंत्रांमधले मुख्य, ब्रह्मदेवाने घडवलेले म्हटले आहे. पात्र तरंगत कोणत्या दिशेला सरकते यावरून शुभाशुभ पाहण्याचीही रीत होती. मंगलाष्टके आणि अंतरपाट या मोजणीशी बांधलेले होते: घटका भरत आली की मंगलाष्टके आवरायची आणि भरली की अंतरपाट काढायचा.

पंचांगाने घटी-पळे जपली. जुन्या पंचांगात तिथीपुढे ‘२२ घ. ३० प.’ असेल, तर ती सूर्योदयानंतर तेवढ्या वेळाने संपते. रूपांतराला अडीचचे सूत्र पुरते: अडीच घटी म्हणजे तास, अडीच पळे म्हणजे मिनिट, अडीच विपळे म्हणजे सेकंद. २२ घटी ३० पळे म्हणजे नऊ तास. सूर्योदय ६ वाजून २० मिनिटांनी असेल तर तिथी दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी संपली. इथे फसगत होते ती गावाच्या सूर्योदयात. तिथी सगळीकडे एकाच क्षणी संपते, पण नागपूरचा सूर्य मुंबईच्या साधारण २५ मिनिटे, म्हणजे जवळपास एक घटी आधी उगवतो. त्यामुळे मुंबईच्या पंचांगातल्या घटी नागपुरात तशाच वापरल्या तर तिथी सुमारे एक घटी लवकर संपलेली दिसते.

जुनी जन्मपत्रिका वाचताना हाच हिशेब उपयोगी पडतो. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू झाली, पण मुंबईत ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत चालू होती. त्या काळातली नुसती तास-मिनिटे लिहिलेली वेळ दीड घटीहून जास्त चुकू शकते. पत्रिकेत सूर्योदयापासूनची इष्टघटी नोंदलेली असेल, तर आधी तिच्यावरून जावे. समजा इष्टघटी १७ घटी ३५ पळे आहे. १७ ला २४ ने गुणले की ४०८ मिनिटे, ३५ पळांची १४ मिनिटे, एकूण ७ तास २ मिनिटे. त्या गावाचा त्या तारखेचा सूर्योदय प्रमाणवेळेने ६ वाजून ४० मिनिटांनी असेल, तर जन्म १ वाजून ४२ मिनिटांचा. घड्याळाची नोंद १ वाजून ३ मिनिटे अशी असेल, तर ती मुंबई टाइम आहे हे या वजाबाकीतूनच कळते.