पार्श्वभूमी : मिशनचे कुष्ठाश्रम आणि ताटातुटीचा नियम

ख्रिस्ती कुष्ठसेवेचा विषय निघाला की बोलणे येशूच्या स्पर्शापासून सुरू होते आणि थेट कलकत्त्यातल्या निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्यांवर येऊन थांबते. आश्रम चालले कसे, आत कोणाला घेतले, कोणत्या अटींवर घेतले, हा मधला भाग गळून जातो. खरा वाद तर तिथेच आहे.

1869 साली अंबाल्यात आलेल्या एका आयरिश शिक्षकाने तिथल्या महारोग्यांच्या झोपड्या पाहिल्या. पुढे 1874 मध्ये डब्लिनला त्याने काही स्नेह्यांसह वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. या कामाची ठेवण लक्षात घेण्यासारखी आहे. सुरुवातीला स्वतःचे दवाखाने काढण्यापेक्षा, भारतात आधीपासून असलेल्या निरनिराळ्या मिशनांना खास या रुग्णांसाठी पैसा पुरवायचा, अशी ती पद्धत होती. आपल्याकडे अचलपूरजवळचे कोठारा, मिरज आणि घाटाखालचे पोलादपूर ही नावे या कामामुळे जुन्या लोकांना ठाऊक आहेत. औषध म्हणावे असे हाती काहीच नव्हते. चौलमुगऱ्याचे तेल पोटात घेतले की मळमळायचे आणि गुण आला तरी बेताचाच. तेव्हा आश्रमाने द्यायचे ते छप्पर, शिधा आणि जखम धुऊन बांधायला कोणीतरी माणूस. ज्याला घरच्यांनी गोठ्यात टाकले होते त्याला हे थोडे नव्हते.

1889 मध्ये हवाई बेटांवर रुग्णांत राहिलेला एक बेल्जियन धर्मगुरू याच रोगाने गेला आणि युरोपात एकच हलकल्लोळ झाला. लंडनहून पाठवलेल्या आयोगाने 1890-91 मध्ये हिंदुस्थानभर फिरून पाहणी केली. संसर्गाची भीती वाटते तेवढी नाही, सक्तीने वेगळे ठेवण्याची गरज नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो बाजूला पडला. 1897 मध्ये बर्लिनला भरलेल्या कुष्ठरोग परिषदेने विलगीकरणाचा आग्रह धरला आणि 1898 चा कायदा आला. त्याचा मुख्य रोख होता निर्धन रुग्णावर. चारचौघांत भीक मागणाऱ्या किंवा उघड उपजीविका नसलेल्या माणसाला पोलिसांनी वॉरंटाशिवाय उचलावे आणि आश्रमात धाडावे. मूळ व्याख्येत रोगी कोण, तर ज्याच्या अंगावर व्रण फुटू लागले आहेत तो. म्हणजे वाड्यात बसलेल्या सावकाराच्या पाठीवरचा बधिर चट्टा कायद्याला दिसत नव्हता, देवळाच्या पायरीवरची चिंधी बांधलेली बोटे तेवढी दिसत होती. मिशनच्या आश्रमांना सरकारकडून डोईमागे अनुदान मिळे. त्यामुळे दया आणि पोलीस एकाच फाटकाशी येऊन उभे राहिले.

आता आश्रमातल्या नियमाकडे येऊ. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. नवराबायको दोघेही रोगी असले तरी वेगळी. निरोगी मुले आईबापांपासून काढून जवळच्या बालगृहात. रोग अनुवंशिक नाही, सहवासाने लागतो, तेव्हा मूल लवकर दूर केले तर वाचेल, हा त्यामागचा तर्क होता, आणि त्या काळच्या माहितीप्रमाणे तो अगदीच खुळा नव्हता. त्या गृहांतली कितीतरी मुले निरोगी वाढली, धंदा शिकली. मिशनच्या अहवालांत त्यांचे फोटो अभिमानाने छापले जात, देणगीदारही त्यावर खूश असत. पण आईने काय सोसले याला त्या अहवालांत फार जागा नाही. आज औषध सुरू असलेल्या आईला ‘बाळाला अंगावर पाजणे थांबवू नका’ असे डॉक्टरच सांगतात, हे कळल्यावर ते फोटो वेगळे दिसू लागतात.

‘आश्रमात येणे ऐच्छिक होते’ असा बचाव केला जातो. ज्याला नियम पटला नाही त्याला फाटक उघडे होते, हे बहुतेक मिशन आश्रमांपुरते खरेच. पण बाहेर पडून पोट भरायचे कशावर? भिकेवर. आणि जिथे 1898 चा कायदा लागू झाला तिथे भीक मागितली की पुन्हा आत. या ऐच्छिकतेची मातब्बरी मला तरी वाटत नाही. बाप्तिस्म्यावरून मिशनांना भरपूर बोल लावले गेले. त्या मानाने या ताटातुटीबद्दल विरोधकही फारसे बोलले नाहीत.

मिशनबाहेर आपल्याच लोकांनी काढलेल्या कुष्ठवसाहतींपैकी वर्ध्याजवळचे दत्तपूर 1936 चे, अमरावतीचे तपोवन 1946 चे, वरोऱ्याचा माळ, म्हणजे बाबा आमट्यांचे आनंदवन, त्यानंतरचे. तो इतिहास मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. त्याच सुमारास तमिळनाडूतल्या चिंगलपटला सल्फोन ही या रोगावर खरोखर गुण देणारी औषधे वापरात आली आणि वेल्लोरच्या ख्रिस्ती रुग्णालयात वाकडी बोटे शस्त्रक्रियेने सरळ होऊ लागली. तिथे एक कोडे होते. रात्री नीट असलेले बोट सकाळी कुरतडलेले का दिसते? पाळत ठेवल्यावर कळले, उंदीर. झोपलेल्या माणसाला दुखतच नव्हते. मग रुग्णाला घरी सोडताना सोबत मांजर देऊ लागले. आज मिळणारी एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल याच समजुतीतून आली. मऊ रबराची, आणि खिळा एकही नाही, कारण खिळा घुसला तर पायाला पत्ता लागणार नाही.

1983 पासून भारतात बहुविध औषधोपचार, म्हणजे एकाहून अधिक औषधांच्या गोळ्या एकत्र देणे, आला आणि रोग पुरता बरा होऊ लागला. 2005 च्या डिसेंबरात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे लक्ष्य गाठल्याचे जाहीर झाले आणि घरोघर शोधणे थंडावले. चट्टा दुखत नाही, बहुधा कपड्याखाली असतो, मग दाखवायला कोण येणार? 2016 मध्ये शोधमोहीम पुन्हा सुरू करावी लागली. आशाताईंबरोबर एक पुरुष कार्यकर्ता द्यावा लागला, कारण पुरुष सदरा काढतात ते त्याच्यासमोर. देशात आजही वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात.

1898 चा कायदाही 2016 मध्येच रद्द झाला. पण नवराबायकोला वेगळे करण्याची सवय कायद्याच्या अंगातून इतक्या लवकर गेली नाही. ख्रिस्ती जोडप्यांना लागू असलेला घटस्फोटाचा कायदा 1869 चा, अंबाल्याच्या त्या वर्षाचाच. त्यात ‘असाध्य कुष्ठरोग’ हे घटस्फोटाचे कारण घातले गेले ते 2001 च्या दुरुस्तीत, म्हणजे गोळ्यांनी रोग बरा होऊ लागल्यावर 18 वर्षांनी. 2019 मध्ये संसदेने ते काढले. हिंदू विवाह कायद्यासह एकूण पाच वैयक्तिक कायद्यांतून एकाच वेळी.