भाकरीच्या बुट्टीतलं गणित

"बाई, पोरगं शाळंत दहापत्तोर मोजतंय म्हनता, पन घरी चार भाकरी मोज म्हटलं की नुसतं बघत बसतंय."

सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या आजींनी हे मला सांगितलं, तेव्हा "घरी जरा सराव घ्या आजी" एवढं बोलून मी पुढच्या घरी गेले. विशेष शिक्षिका म्हणून ती माझी चूक होती. आजींनी एक अचूक निरीक्षण माझ्या हातात ठेवलं होतं आणि मी ते गाऱ्हाणं समजून सोडून दिलं.

मुलगा नऊ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता असलेला. शाळेत निळ्या सतरंजीवर लाल मणी मांडून मी "मोज" म्हटलं की तो दहापर्यंत न चुकता मोजायचा. मला वाटत होतं त्याला मोजणी आली. खरं तर त्याला निळ्या सतरंजीवरचे लाल मणी माझ्या आवाजात मोजता येत होते. भाकरी, चूल आणि आजीचा आवाज हा त्याच्या दृष्टीने वेगळाच धडा होता.

असं का होतं, याचा एक धागा 1971 सालच्या एका प्रयोगात सापडतो. अमेरिकेत ओ. इव्हार लोव्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना तीन गोष्टी एकाच वेळी दिल्या: लाल दिव्याचा उजेड, एक आवाज आणि पायाला बांधलेल्या पट्ट्याचा दाब. तिन्ही मिळून जाणवलं की कळ दाबायची, असं मुलांना शिकवलं. मग एकेक गोष्ट सुटी देऊन पाहिली. इतर मुलं तिन्हींना प्रतिसाद देत होती. स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं बहुतेक वेळा एकालाच देत होती, जणू बाकीच्या दोन गोष्टी तिथे नव्हत्याच. बौद्धिक अक्षमता असलेली मुलं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होती. पुढच्या अभ्यासांत दिसलं की हे फक्त स्वमग्नतेपुरतं नाही, मुलाच्या बौद्धिक विकासाच्या टप्प्याशीही त्याचा संबंध आहे. शिकताना मूल कोणत्या खुणेला धरून बसलंय हे आपल्याला बाहेरून कळत नाही. आपण संख्या शिकवत असतो, त्याने कदाचित मण्यांचा रंग धरलेला असतो.

एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरता येणं, याला मानसशास्त्रात सामान्यीकरण म्हणतात. आपण ते गृहीत धरतो, कारण बहुतेक मुलांत ते बरंचसं आपोआप घडताना दिसतं. 1977 मध्ये स्टोक्स आणि बेअर या दोन संशोधकांनी तोवर झालेले अभ्यास चाळून सामान्यीकरणाच्या नऊ पद्धती वेगळ्या काढल्या. त्यातली पहिली आणि सर्रास वापरली जाणारी पद्धत कोणती, तर शिकवायचं आणि ते पुढे टिकेल अशी आशा करायची. मीही तेच करत होते. बाकीच्या पद्धतींतल्या दोन मला रोज उपयोगी पडतात: एकच गोष्ट पुरेशा वेगवेगळ्या वस्तू, माणसं आणि जागांमध्ये शिकवणं, आणि जिथे ती वापरायची आहे तिथली वस्तू शिकवण्याच्या जागी आणणं. दोन्हींसाठी मुलाचं घर माहीत असावं लागतं आणि घराची माहिती घरच्यांनाच असते. म्हणून या मुलांच्या शाळेला पालक लागतात. पालकसभेत खुर्च्या भरायला नव्हे, अर्धा राहिलेला धडा पुरा करायला.

मग ते येत का नाहीत? अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या हूवर-डेम्प्सी आणि सँडलर यांनी 1990च्या दशकात या प्रश्नाची जी मांडणी केली, ती मला आपल्याकडेही तंतोतंत लागू पडताना दिसते. पालक मनात तीन गोष्टी तोलतात. हे माझं काम आहे का? मला ते जमेल का? आणि मला कोणी खरंच बोलावतंय का? घरची परिस्थिती, वेळ, अंगातली ताकद या गोष्टी आहेतच, पण या तिन्हींची उत्तरं "नाही" असतील तर मोकळा वेळ असलेला पालकही फिरकत नाही.

दुसऱ्या प्रश्नापाशी मी थांबते, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथेच अडतात. आमच्या भागात मूल वेगळं जन्मलं की आईला पहिला प्रश्न येतो: गरोदरपणी ग्रहण पाळलं नव्हतंस का? असा दोष देण्यात विज्ञानही मागे नव्हतं. विसाव्या शतकाच्या मध्यात स्वमग्नतेचं कारण आईच्या मायेच्या कोरडेपणात शोधलं जात होतं. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने पुरावे मांडून ते खोडून काढलं आणि स्वमग्नतेचं मूळ शरीरात आहे असं दाखवून दिलं. ते स्वतः स्वमग्न मुलाचे वडील होते. इतकी वर्षं दोष ऐकलेल्या बाईला शाळेचा फोन आला की पोटात गोळा येतो. त्यातून फोन येतो तोच मुळी "आज त्यानं वर्गात चावलं" हे सांगायला. अशा चार फोनांनंतर "मला जमेल का" याचं उत्तर ठरून गेलेलं असतं. म्हणून वर्षातला पहिला निरोप मुलाने जमवलेल्या गोष्टीचा असावा, असा माझा आग्रह असतो. आणि ती गोष्ट खरी हवी. खोटं कौतुक आयांना लगेच ओळखू येतं.

जमतं याचा पुरावाही फार लांबचा नाही. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे 2 ते 9 वर्षांच्या 65 स्वमग्न मुलांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा बैठका घेतल्या. आई-मुलाच्या खेळाचं चित्रीकरण करायचं, मग आईसोबत ते पाहायचं आणि जिथे तिचं बरोबर साधलंय तिथे थांबवून दाखवायचं. आयांचं मुलाच्या लयीत बोलणं वाढलं आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. दोघांनी एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र कमी झाला. हा निकाल मी मुद्दाम सांगते, कारण पालकांना जादूचं आश्वासन देणं हीसुद्धा फसवणूकच आहे.

आता तिसरा प्रश्न, बोलावण्याचा. अमेरिकेत 1975च्या कायद्यापासून विशेष गरजा असलेल्या मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा पालकांना सोबत घेऊनच करावा लागतो. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. 2012च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं या गटात आली. म्हणजे त्या आजींच्या घरातल्या, मुलाचा पालक असलेल्या माणसाला समितीत जागा मागता येते. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

पण हक्क असला तरी सकाळी अकराच्या सभेला येणार कोण? विटा-खानापूर-आटपाडी पट्ट्यातल्या कितीतरी घरांतली कर्ती माणसं सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर विखुरलेली आहेत. तासगावच्या बाजूला द्राक्षबागेची छाटणी किंवा विरळणी सुरू असेल तर सभेला येणं म्हणजे त्या दिवसाचा रोजगार बुडवणं. या मुलाचे वडीलही परराज्यात गलाईवर असतात आणि आई बागेत कामाला जाते. दिवसभर मुलाजवळ असते ती आजी, आणि शाळेच्या कागदावर पालक म्हणून तिचं नावही नाही. तिला वाचता येत नाही, तरी मी वर्षभर वहीत सूचना लिहून पाठवत होते.

आता मी बोलून निरोप पाठवते, अर्ध्या मिनिटाचा. त्यात एकच काम सांगते. "सराव घ्या" असं मोघम नाही, तर "आज जेवताना त्याच्या हातानं तीन भाकऱ्या ताटात वाढून घ्या, मोजताना त्याच्यासोबत बोला." सून रात्री फोनवर तो आजींना ऐकवते. वडिलांशी महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल होतो, तोही रात्री नऊनंतर, त्यांची भट्टी बंद झाल्यावर.

सगळ्यात उपयोगी सूचना मात्र आजींचीच. त्या म्हणाल्या, "मनी कशाला, बुट्टीच न्या की शाळंत." घरची भाकरीची बुट्टी, म्हणजे टोपली, शाळेत आली. सुरुवातीला तिच्यात मणी ठेवले, मग पुठ्ठ्याच्या गोल चकत्या, मग दुपारच्या खिचडीसाठीच्या ताटल्या. कधी मी मोजायला सांगायची, कधी वर्गातली मुलगी, कधी स्वयंपाकाच्या मावशी. दर दोन-तीन दिवसांनी काहीतरी बदलायचं. दीड महिन्यानं बुट्टी घरी परत गेली आणि त्याने चुलीपुढे बसून चार भाकरी मोजून आजीच्या हातात दिल्या. पाचवीला तो थांबला. आजींनी निरोपात तेही सांगितलं: "चारपत्तोर पक्कं हाय, पाचवीला माझ्या तोंडाकडं बघतोय." इतकी नेमकी नोंद माझ्या वहीत क्वचितच असते. पुढचा पंधरवडा आम्ही पाचासाठी ठेवला आहे, आणि या वेळी मोजायची वस्तू आजी ठरवणार आहेत.